चकमकीचा चाप, साल १८०१: अस्सल की नक्कल? आणि गंज कसा काढावा?

घाटवाट
चकमकीच्या बंदुकीचा एक सुटा चाप (ठिणगी पाडून बार उडवणारी यंत्रणा) आहे. नळी नाही, दस्ता नाही. पाटी साधारण १६ सेंमी लांब. शेपटाच्या बाजूला १८०१ हे साल आणि त्यावर पुसट नाव. मधली ‘RNE’ एवढीच अक्षरं लागतात. घोड्याच्या पुढे बदामाचा ठसा, फुलीने चार खण पाडलेले, वर ४ चा आकडा. घोड्याच्या मानेला गोल भोक आहे.
आतून तांबडा गंज. पूर्ण खाचेवर (बार उडवायच्या तयारीत) घोडा नीट थांबतो. अर्ध्या खाचेवर (सुरक्षित स्थितीत) ठेवून सिअरची, म्हणजे घोडा अडवून धरणाऱ्या खटक्याची, दांडी दाबली की सटकतो. फ्रिझन (चकमक जिच्यावर घासून ठिणग्या पडतात ती पोलादी झडप) अर्ध्यातच अडकतं.
तीन प्रश्न: हा अस्सल आहे की शोभेची नक्कल? खोलायचा क्रम काय? गंजाला काय लावावं?

तोडेदार
बदाम आणि ४ म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा ठसा. चार खणांत V, E, I, C ही अक्षरं असतात. त्यातला V हा जुन्या लिपीतला U. हा ठसा १८०८ पर्यंत चालला, त्यानंतर कंपनीने मुकुट धरलेला सिंह घेतला. म्हणजे साल आणि ठसा एकमेकांशी जुळतात. ‘RNE’ मध्ये बार्नेट हे नाव बसतं. ते कंपनीला माल पुरवणारे लंडनचे कारागीर.

जुळत नाही तो घोडा. १८०१ च्या चापावर हंसाच्या मानेसारखा वळणदार, भोक नसलेला घोडा हवा. ती बारीक मान मोडायची, म्हणून १८०९ च्या सुमाराला ब्रिटिश लष्करी बंदुकांवर भोकवाला जाड घोडा आला. तुमचा घोडा बहुधा नंतर बदललेला आहे. शस्त्रागारात अशी अदलाबदल सर्रास चाले, तेव्हा तेवढ्यावरून चाप खोटा म्हणू नका. उलट तो दीर्घकाळ वापरात होता याचीच ती खूण आहे. मात्र ‘मूळ घोड्यासह’ असं कुठे नोंदवू नका.

नक्कल ओळखायला पाटी उलटी करा. अस्सल चापात टम्बलर (घोड्याबरोबर फिरणारा, खाचा असलेला भाग), ब्रायडल (टम्बलरला धरून ठेवणारी पट्टी), सिअर आणि स्क्रू यांवर कानशीने पाडलेल्या एकसारख्या खाचा किंवा ठिपके सापडतात, कारण प्रत्येक भाग हाताने घासून त्याच चापाला बसवलेला असे. आतली बाजू कानशीच्या रेघांची असते. शोभेच्या चापात अक्षरं ओतीव, कडा बोथट, आत ओतकामाची बारीक छिद्रं आणि स्क्रूंना आजचे मेट्रिक आटे असतात.

तिसरी शक्यताही तपासा. देशी कारखान्यांत कंपनीच्या चापांच्या हुबेहूब प्रती बनत. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या युरोपीय कारागिराच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका तयार होत होत्या. देशी प्रतींवर रोमन अक्षरं पुष्कळदा उलटी किंवा नुसत्या रेघोट्यांसारखी दिसतात. नाव वाचायला पाटीवर बॅटरीचा उजेड अगदी आडवा पाडून फोटो काढा. खडू, पीठ काही चोळू नका, ते खाचांत बसून ओल धरतं.

काळेपोलाद
खोलण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो हवेत. पुठ्ठ्यावर चापाची आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचा. हे स्क्रू एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आटे हाताने पाडलेले असतात.

पहिले काही दिवस फक्त सुटवण तेल. एसीटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल समप्रमाणात मिसळून थेंब थेंब सोडा. हवेशीर जागेत, आगीपासून लांब. स्क्रू-ड्रायव्हरचं पातं खाचेत तळापर्यंत आणि पूर्ण रुंदीभर बसायला हवं. बाजारचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं, ते वर सरकून खाच फाडतं. दोन्ही बाजू समांतर घासून घ्या. तरीही हलला नाही तर सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा. गॅसची ज्योत लावू नका; ३०० अंशांच्या आसपास पोलाद निळं पडतं आणि स्प्रिंगला दिलेलं पाणी उतरू लागतं.

आता क्रम. घोडा पूर्ण खाचेपर्यंत चढवा. मोठ्या स्प्रिंगला स्प्रिंगचा शिकंजा नुसता टेकेल इतपत आवळा. मग घोडा अंगठ्याने धरून सिअर दाबा आणि सावकाश उतरवा. स्प्रिंग दबलेलीच राहते आणि अलगद निघते. पक्कडीने उपसायला जाल तर ती कोपऱ्यात, नेमक्या वळणावर तुटते. त्यानंतर सिअरची स्प्रिंग: स्क्रू अर्धा सैल करा, स्प्रिंगची खुंटी पाटीतल्या खाचेतून उचला, मगच स्क्रू पूर्ण काढा. मग सिअर, मग ब्रायडल.

सगळ्यात जास्त नुकसान घोडा काढताना होतं. घोडा टम्बलरच्या चौकोनी टोकावर घट्ट बसलेला असतो आणि लोक त्याला मागून स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटतात. त्याने पाटीवर कायमचा वण पडतो, मानही वाकते. घोड्याचा स्क्रू काढा, पाटी दोन लाकडी ठोकळ्यांवर बाहेरची बाजू वर करून ठेवा, भोकापेक्षा बारीक पितळी पंच टम्बलरवर सरळ धरा आणि हलके ठोके द्या. टम्बलर खाली सुटतो.

फ्रिझन अडकतं ते बहुधा त्याच्या स्क्रूभोवतीच्या गंजामुळे. स्प्रिंग आधी शिकंज्यात दाबून काढा, मग स्क्रू.

घाटवाट
आभार. गंजासाठी व्हिनेगर किंवा इलेक्ट्रोलिसिस चालेल का? लवकर होतं म्हणतात.

गंजरोधक
दोन्ही नकोत. दोन्हींत हायड्रोजन पोलादात शिरतो, स्प्रिंग ठिसूळ होते आणि पुढे कधीतरी दाब येताच तुटते. शिवाय व्हिनेगर ठशांच्या कडा खातं. तुमच्या पाटीवर नाव आधीच तीन अक्षरांवर आलंय, तेवढंही जाईल. ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश तर हाताशीही ठेवू नका.

तांबड्या गंजाला पाणी पुरतं. भाग एसीटोनने तेलमुक्त करा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये २० ते ३० मिनिटं उकळा. तांबडा गंज काळा होतो; तो ०००० नंबरच्या स्टील वूलने हलक्या हाताने पुसा. तांबडं राहिलं तर पुन्हा उकळा. बाहेर काढल्याबरोबर हेअर ड्रायरने वाळवा, आटे आणि भोकं विसरू नका. जाड खपली असेल तर आधी तेलात भिजवून पितळेच्या पातळ पट्टीने उचला. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडा उठत नाही.

बाहेरचा तपकिरी-काळा थर घट्ट असेल तर राहू द्या. चकचकीत केलेल्या चापाची किंमत आणि अभ्यासमूल्य दोन्ही घसरतात. शेवटी बाहेरून मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ थर, आत सांध्यांना हलक्या मशीन तेलाचा एकेक थेंब. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. कोकणात असाल तर पावसाळाभर सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा आणि हाताळताना हातमोजे घाला. घामातलं मीठ बोटांचे ठसे उठवतं.

काळेपोलाद
अर्ध्या खाचेबद्दल राहिलं. ती खाच खोल आणि आत वळलेली असते, सिअरचं नाक तिच्यात अडकून बसायला हवं. दांडी दाबून सुटते म्हणजे खाचेचा ओठ तुटलाय किंवा नाक झिजलंय. भिंगाखाली बघा. कानस मात्र लावू नका. दोन्ही भाग वरून कडक केलेले असतात, घासलं की खालचं मऊ लोखंड उघडं पडतं. तुटलेला भाग वेल्डिंगने भरण्यापेक्षा दोष तसाच ठेवून नोंद करा. रिकामा घोडा फ्रिझनवर आपटून बघू नका, चकमक नसताना मान पाटीवर आदळते.

तोडेदार
शस्त्र कायदा १९५९ चं कलम ४५ वाचून घ्या. जुन्या बनावटीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला तिथली सूट मिळते ती ‘दुरुस्त करूनही चालणार नाही’ अशा शस्त्राला. किरकोळ भागांनाही सूट आहे, पण पूरक भागांसोबत वापरायचा हेतू नसेल तरच. म्हणून नळी शोधून हा चाप तिच्यावर चढवायच्या भानगडीत पडू नका. तसंच वस्तू १०० वर्षांवरची आहे, पुरावस्तू कायदा १९७२ नुसार ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. स्प्रिंगला चीर दिसली तर काम तिथेच थांबवा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राकडे विचारा.