सात अठ्ठे किती? पाढा पहिल्यापासून म्हटल्याशिवाय आठवत नाही

देवगड_पेटी: नमस्कार मंडळी. आंब्याच्या हंगामात तोंडी हिशोब लागतो. सात डझनी आठ पेट्या म्हटलं की 'सात एके सात'पासून सुरुवात करावी लागते. मध्येच कोणी दर विचारला की चोपन्न की छप्पन्न, तिथे अडकायला होतं. शाळेत घोकलेले पाढे असे का निसटतात? आता पक्के कसे करायचे?

राजापूर_फळा: पाढा पाठ होतो तो ओवीसारखा, एक ओळ पुढची ओढून आणते. 'सात सत्ते एकोणपन्नास' झालं की 'सात अठ्ठे छप्पन्न' आपसूक येतं. थेट सात अठ्ठे विचारलं तर धरायला आधीची ओळच नसते. चुकतं तेव्हाही उत्तर बहुधा शेजारचंच येतं: ४८, ५४, ६३, ६४. त्यात चोपन्न-छप्पन्न कानाला सख्खे भाऊ. ५६ डझन म्हणजे ६७२ फळं, ५४ म्हणजे ६४८. दोन डझन आंबे गेलेच की!

सगळे पाढे पुन्हा घोकू नका. पाचापर्यंतचे बहुतेकांना येतात, सहा सक, सात सत्ते असे जोडीचेही चटकन आठवतात. पुढे नवापर्यंत खरे त्रासाचे उरतात सहाच: ४२, ४८, ५४, ५६, ६३, ७२. त्यातल्या नवाच्या तिघांना पडताळा आहे, अंकांची बेरीज नऊ. पाच नि चार नऊ, म्हणून ५४ नवाच्या घरचा. तो सात अठ्ठे असूच शकत नाही.

वेंगुर्ला_तराजू: या सहांच्या बारा चिठ्ठ्या करा. 'सात अठ्ठे' वेगळी, 'आठ सत्ते' वेगळी, कारण जिभेला ती दोन निराळी वाक्यं आहेत. पिसून एकेक उचला आणि अख्खं वाक्य मोठ्याने म्हणा. दोन सेकंदांत आलं नाही तर अंदाज न ठोकता लगेच मागचं उत्तर वाचा. चुकीचं तोंडातून गेलं की पुढच्या वेळी तेच आधी येतं. अडलेली चिठ्ठी तीन-चार चिठ्ठ्यांनंतर परत घ्या. रोज पाच मिनिटं पुरतात, एका दिवशी तासभर बसून टिकत नाही.

देवगड_पेटी: आभार. डझनाची फळं करताना बाराचा पाढा दहापुढे संपतो, त्याचं काय?

राजापूर_फळा: 'बारा दाहे वीसासे'च्या पुढे पाढा नकोच. दहापट करा, त्यात दुप्पट मिळवा: ५६० आणि ११२, झाले ६७२. दुप्पट आधी काढून ठेवा, म्हणजे मधल्या बोलण्यात ती हरवत नाही.