मदत हवी आहे: सिंहगड आठ वेळा, कॅन्सर निधी आणि पावतीचा घोळ (अर्जंट)

पायवाट_८
नमस्कार मंडळी. १२ तारखेच्या रविवारी एका दिवसात सिंहगड आठ वेळा चढतोय-उतरतोय, कॅन्सर संशोधनासाठी. फेरीमागे कुणी शंभर, कुणी पाचशे कबूल केलेत. बऱ्याच जणांनी आधीच पाठवून टाकले, १ लाख ३८ हजार जमलेत. आता लोक ८० जीची, म्हणजे आयकरात सूट मिळवून देणारी पावती मागतायत. ती कशी काढायची? दहाच दिवस राहिलेत, कामाचंच सांगा. ट्रेनिंगवर सल्ला नको.

हिशोबनीस
जमलेत म्हणजे कुठे जमलेत? तुमच्या खात्यात की संस्थेच्या? संस्था कोणती? तिला ८० जी आहे का? एवढं तरी लिहा.

आप्पा_धायरी
आठ वेळा! आम्ही कॉलेजात असताना पैज लावून तीनदा केला होता, चौथ्या वेळी जीपच्या टपावर बसून खाली आलो. आदल्या रात्री गुडघ्यांना कोमट तिळाचं तेल चोळा, बाकी काही लागत नाही.

सायकलवेडा
गड कशाला, २०० किमीची बीआरएम करा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची सायकल राइड. साडेतेरा तासांची मुदत, वाटेत शिक्के, पूर्ण केल्याचा पुरावा हातात. देणाऱ्यांनाही पटतं. तुम्ही आठ फेऱ्या केल्या हे मोजणार कोण?

पायवाट_८
घड्याळ मोजेल. माझ्याकडे सायकल नाही. पैसे माझ्याच खात्यात आहेत, यूपीआयवर आलेत, नाहीतर कुठे येणार? इव्हेंट झाला की टाटा मेमोरिअल हॉस्पिटलला एकरकमी पाठवणार होतो. पावती???

हिशोबनीस
तिथेच गाडं अडलंय. तुम्ही एकरकमी पाठवलेत तर संस्थेच्या लेखी देणगीदार तुम्ही एकटे. पावती तुमच्या नावाची, करसवलतीसाठी संस्था देते ते १०बीई प्रमाणपत्रही तुमच्याच नावाचं. संस्था देणगीदारांची यादी पॅनसकट आयकर खात्याला कळवते, त्यात तुमचे जे कुणी मित्र असतील ते येणारच नाहीत. त्यांना सूट हवी असेल तर पैसे परत करा आणि थेट संस्थेच्या खात्यात भरायला सांगा. तुम्ही फक्त कुणी किती भरले त्याची यादी ठेवा. आणखी दोन गोष्टी. रोख २ हजारांच्या वर असेल तर सूट नाही. आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ८० जीची वजावट मुळातच नाही, तेव्हा निम्मे लोक पावती उगाच मागत असतील.

खवचट_खान
डोंगर चढून कॅन्सर बरा होतो हे नवीनच कळलं. पैसे द्यायचे तर गुपचूप द्यावेत, घामाचे फोटो कशाला?

मानसी_कोथरूड
खवचटराव, १९८० मध्ये कॅनडात टेरी फॉक्स नावाचा मुलगा कॅन्सरने उजवा पाय गेल्यावर कृत्रिम पाय लावून रोज जवळपास एक मॅरेथॉन पळत होता. १४३ दिवस, ५,३७३ किमी. फुप्फुसांत कॅन्सर पसरल्यावर थांबला, पुढच्या वर्षी गेला, वय २२. गुपचूप पळाला असता तर त्याच्या नावाने आजही लोक पळून निधी जमवतात, तो जमला नसता.

पायवाट, माझा प्रश्न वेगळा आहे. संशोधन म्हणताय, पण देणाऱ्यांना काय सांगितलंय? "टाटाला पाठवतोय" एवढंच म्हणालात तर बहुतेकांना वाटेल की एखाद्या गरीब पेशंटचं बिल भरलं जाईल. दोन्ही चांगलंच, पण एक नाही. देणगी देताना हेतू लेखी कळवा.

आप्पा_धायरी
पेशंटलाच द्या हो. संशोधन म्हणजे एसीत बसून कागद.

मानसी_कोथरूड
आप्पा, टाटा मेमोरिअलने मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर बारा वर्षं अभ्यास केला. चार टक्के व्हिनेगर गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग दिसतो का बघायचा. डॉक्टर नाहीत, दहावी झालेल्या, चार आठवडे शिकवलेल्या बायका तपासायच्या. त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१४ ला छापून आलंय. हेही संशोधनच. यात एसी कुठे आला?

आप्पा_धायरी
बरं बाई. व्हिनेगर म्हणजे शिरकाच ना? आमच्या आजीच्या लोणच्यात असायचा.

फिजिओ_नेहा
सल्ला नको म्हणालात तरी देते. चढण सोसते, उतरण मारते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावतो, त्यात तो सगळ्यात जास्त फाटतो. आतकरवाडीची वाट जेमतेम पावणेतीन किलोमीटर, चढ साधारण सहाशे मीटर. आठ वेळा म्हणजे जवळपास पाच हजार मीटरची उतरण. पहिल्या चार फेऱ्या भारी वाटतील, पाचव्या उतरणीला पायऱ्या दोन-दोन दिसायला लागतील. नुसतं पाणी ढोसू नका, ओआरएस घ्या, रक्तातलं मीठ उतरलं की माणूस बडबडायला लागतो. एका दिवसात जास्तीत जास्त किती वेळा केलाय? आणि आठच का?

पायवाट_८
दोनदा.
आठ कारण ताईचे आठ केमो झाले.

फिजिओ_नेहा
हे आधी लिहायला काय झालं होतं? ताई कशी आहे आता?

पायवाट_८
बरी आहे. केस आलेत, कुरळे आलेत, पूर्वी सरळ होते. तिला आवडत नाहीत. प्रश्न पावतीचा होता म्हणून लिहिलं नाही.

सायकलवेडा
दोनदा करून आठ? म्हणूनच म्हणत होतो, सायकल.

फिजिओ_नेहा
तारीख पुढे ढकला किंवा फेऱ्या वाटून घ्या. आठ माणसं, प्रत्येकी एक. ताईने शेवटची केली, डॉक्टरांना विचारून, गाडीने वर जाऊन का होईना, तर तीही फेरीच. आणि पाऊस असेल तर वनखात्याला आधी विचारा.

पायवाट_८
वाटून घेणार नाही. तारखेचं बघतो. अजून एक, न्यू जर्सीच्या मित्राचे ३० हजार येणार आहेत, ते चालतील ना?

हिशोबनीस
थांबा!! त्याचा पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन असेल तर ते पैसे तुमच्या खात्यात अजिबात घेऊ नका. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेच्या, त्यासाठीच दिल्लीत उघडलेल्या एका खात्यात थेट जायला हवेत.

आप्पा_धायरी
वर गेल्यावर पिठलं-भाकरी कुठे खाणार? कांदाभजी आणि मडक्यातलं दही विसरू नका. आठ वेळा गेलात तर आठ मडकी.

पायवाट_८
मित्र अमेरिकन झालाय, त्याला थेट भरायला सांगितलं. ४१ जणांचे पैसे परत केले, संस्थेची लिंक आणि हेतूचं वाक्यही पाठवलं. तारीख महिनाभर पुढे. फक्त नारायण पेठेतले काका ५,००० परत घेत नाहीत. म्हणतात, दिलेलं दान परत घेतलं तर पाप लागतं, आणि पावती तर हवीच. त्यांचं काय करू?

हिशोबनीस
पॅन मागा. पॅनचं नाव काढलं की पापाचं बघू म्हणतील.