मदत हवी आहे: बाळाची पहिली लस आणि घरातला वाद

मंडळी, ताईचे दिवस भरत आलेत. लालबागला माहेरी आलीये, नाव पालिकेच्या प्रसूतिगृहात घातलंय. परवा भावजींनी तिच्या माता-बाल संरक्षण कार्डाशेजारी मोबाइल ठेवला आणि हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजारावरच्या लशीच्या ओळीवर बोट टेकवून म्हणाले, "अमेरिकेने ही बंद केली, मग आपण का टोचायची?" ताई गप्पच झाली.

मी वाचलं ते असं. जून २०२५ मध्ये तिथले आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी लसविषयक सल्लागार समितीचे सगळे १७ सदस्य एका झटक्यात काढले. नव्या समितीने डिसेंबरमध्ये कौल दिला, की आईची हिपॅटायटिस बीची तपासणी निगेटिव्ह असेल तर जन्मतः डोस द्यायचा का, हे पालकांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. म्हणजे बंदी नाहीच. जन्मावेळी लागण झाली तर दहापैकी नऊ बाळांत आजार कायमचा राहतो, पुढे सिरोसिस (यकृत कडक होत निकामी होणं) किंवा यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. आपल्याकडे हा डोस २४ तासांच्या आत मिळतो, तोही फुकट.

भावजी हट्टी नाहीत, घाबरलेत. मी चिडून बोललो, तिथेच बिनसलं.

इथे कुणी बालरोगतज्ज्ञ किंवा परिचारिका असतील तर कृपया सांगा: ताईचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, तरी डोस का हवा, हे त्यांना सोप्या मराठीत कसं समजावू? आणि आपल्याकडे सरकारला लसींबाबत सल्ला देणाऱ्या एनटॅगीच्या बैठकांची इतिवृत्तं कुठे वाचायला मिळतात? "इथेही मंत्रीच ठरवतात का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न आहे. ताईची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे.