मदत हवी आहे : पोरांना घेऊन जायला खुणा असलेली पायवाट

नमस्कार मंडळी. आमच्या पेठेतल्या तालमीची बावीस पोरं-पोरी आहेत, वय ११ ते १५. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला न्या म्हणून मागं लागलीत. १६६० च्या जुलैची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण दोन दिवस चिखल तुडवायचा दम अजून नाही. म्हणून आधी कोल्हापूर शहराजवळ तीन-चार तासांची चाल करून घ्यावी म्हणतोय.

गेल्या पावसाळ्यात कात्यायनीच्या डोंगरात नेलं होतं. आदल्या दिवशी मी स्वतः दगडांवर चुन्यानं बाण काढले. रात्री सर आली, सकाळी नुसते पांढरे ओघळ! एका फाट्यावर पुढची सहा पोरं डावीकडं उतरली, आम्ही उजवीकडं. शिट्टी ऐकून परत आली, पण ती वीस मिनिटं माझी मला ठाऊक. घरी सांगितलेलं नाही अजून.

तर जाणकारांनो, खुणा कशाच्या करता? ऑइलपेंट झाडा-दगडांवर मला पटत नाही. नारिंगी कापडाच्या चिंध्या बांधून परतताना सोडून आणल्या तर? गुरं खातात का त्या? मोहिमेच्या वाटेतल्या मसाई पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, तिथं काय करता? आणि किती पोरांमागं एक मोठा माणूस ठेवता? वनखात्याची परवानगी कुणी काढली असेल तर अर्ज कुठं दिला तेही सांगा.

मिसळ माझ्याकडून.