१९८० ची जे/२४ घेतलीय, आधी शिडं बदलू की डेक उघडू?

चेसापीककर

नमस्कार मंडळी. मी मूळचा रत्नागिरीचा, सध्या मेरीलँडमध्ये ॲनापोलिसपासून अर्ध्या तासावर राहतो. तीन वर्षं दुसऱ्यांच्या बोटीवर फोरडेकला (बोटीच्या पुढच्या टोकाला) राबलो, दर बुधवारी संध्याकाळच्या रेसला स्पिनेकर (मोठं फुगीर शीड) चढवा, उतरवा, ओला झालेला कोंबा, आणि शेवटी गेल्या महिन्यात स्वतःचीच बोट घेतली. १९८० ची जे/२४ (२४ फुटी रेसची शिडाची बोट), ट्रेलरसकट २८०० डॉलर. बायको म्हणाली एवढ्यात दोघं भारतात जाऊन आलो असतो, तिचंही बरोबरच आहे म्हणा.

आता हाल ऐका. जिनोआ (पुढचं मोठं शीड) जुन्या लुगड्यासारखी मऊ झालीय, हातात घेतली तर आवाजच करत नाही. डोलकाठीच्या शेजारी डेकवर टाच टेकली की कणभर खाली जाते. आत तळाशी रविवारी पुसून कोरडं केलं तरी पुढच्या शनिवारी कपभर पाणी असतं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. कील (बोटीच्या तळाचं वजनदार पातं) जिथे बोटीला मिळते तिथे पुढच्या बाजूला वीतभर चीर दिसते. बजेट सगळं मिळून ४५०० आणि एप्रिलपर्यंत वेळ. मेन (मुख्य शीड) आणि जिनोआचं कोटेशन आलंय ४३०० चं. बोटीवरचा एक मित्र म्हणतो शिडं घेऊन टाक, पाणी काय उपसता येतं. काय करू?

स्टारबोर्डताई

तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा आणि तो कोटेशनचा कागद फ्रिजवर लावून ठेवा, पुढच्या वर्षी कामाला येईल.

मी ऱ्होड आयलंडला असते, म्हणजे तुमची बोट बहुतेक जिथे जन्मली त्याच राज्यात. आम्ही नवराबायकोने अशीच एक १९८२ ची बोट दोन हिवाळे गॅरेजमध्ये ठेवून उभी केली. या बोटींचा हल (बोटीचं अंग) आणि डेक दोन्ही सँडविच आहेत, वर खाली फायबरग्लास आणि मध्ये बाल्सा लाकूड. बाल्सा हलकं आणि कडक, पण एकदा स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की कुजून काळा चिखल होतो. तुमचा तो कोरा चहा म्हणजे तोच.

पण घाई करू नका, आधी पाणी कुठून येतंय ते पक्कं करा. डोलकाठी डेकमधून खाली तळापर्यंत जाते, त्यामुळे ती उभी असेल तर पावसाचं पाणी तिच्या आतूनही उतरतं. काठी उतरवा, बोट ताडपत्रीखाली ट्रेलरवर ठेवा, आठवडाभर थांबा. तरी पाणी आलं तर ते बोटीच्या पोटात साठलेलंच आहे. आणि सुरुवातीच्या बोटींत कीलच्या वरचा खड्डा व्हर्मिक्युलाइट आणि रेझिनच्या काल्याने भरलेला असायचा (तेच ते, कुंडीतल्या मातीत घालतात ते), तो स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो. आमच्यात तो होता. छिन्नीने खरवडून दोन बादल्या काढल्या, वास अजून आठवतो.

डेकसाठी प्लॅस्टिकच्या हातोडीने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. कोरड्या जागी टणक आवाज येतो, ओल्या जागी बद्द. पेन्सिलीने सीमा आखत जा. आखून झाल्यावर लांबून बघा आणि मग थोडा वेळ बसा, कारण ती सीमा नेहमी वाटलं त्याच्या दुप्पट निघते.

चेसापीककर

ताई, टकटक केली. डोलकाठीपासून पुढच्या हॅचपर्यंत बद्द. बसलोच थोडा वेळ. आता वरून कापू की आतून?

स्टारबोर्डताई

आतून. वरून कापलं तर नॉनस्किडची, म्हणजे पाय न घसरण्यासाठीची, नक्षी जाते आणि ती पुन्हा जुळवणं म्हणजे डोक्याला ताप. आतून आधी पातळ कातडी कापायची, कुजका बाल्सा ओरबाडून काढायचा, हीटर लावून पूर्ण वाळवायचं, मग नवीन बाल्सा इपॉक्सीत बसवून खालून टेकू द्यायचे आणि सगळ्यात शेवटी काच, म्हणजे फायबरग्लासचं कापड. त्रास एकच, इपॉक्सी तोंडावर ठिबकतं, गॉगल आणि जुनी टोपी घाला. मिश्रण आधी बासुंदीसारखं पातळ फासायचं म्हणजे लाकूड पितं, आणि चिकटवायला भुकटी घालून श्रीखंडाइतकं घट्ट. एका वेळी थोडंच कालवा, डबाभर कालवून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत डब्यातून धूर. आणि दोन थरांच्या मध्ये मेणासारखा चिकट पापुद्रा येतो तो आधी नुसत्या पाण्याने धुवून मगच सँडपेपर लावा, नाहीतर वरचा थर धरत नाही.

परत फिटिंग बसवताना प्रत्येक भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरा, मग त्यात मधोमध बोल्टपुरतं भोक. म्हणजे उद्या सील गेलं तरी पाणी बाल्सापर्यंत पोचणार नाही.

मालवणी_तांडेल

रे बाबा, पाणी खयसून येता ता आधी बघ, मगे शिडाचो इचार कर.

आमच्याकडे मासेमारीच्या होड्या, रेसच्या नाहीत, पण पावसाळ्याआधी वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत सगळी डागडुजी उरकायची हे लहानपणापासून बघितलंय. आजोबा होडीच्या सांध्यावर कान लावून सुतळीचा बोळा ठोकायचे, आवाजावरून कळायचं किती बसलाय. तुमची ती हातोडीची टकटक वाचून तेच आठवलं. बाकी लाकडावर काच चढवलेली बोट कच्ची असते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जगाला वळसा घालून आले ती म्हादेई आमच्या शेजारी गोव्यात दिवाडीला बांधलेली, तिचंही तसंच, आत सीडर लाकूड आणि बाहेर इपॉक्सी न् काच. लाकूड वाईट नसतं, उघडं पडलेलं भोक वाईट.

जिनोआगुरू

थोडं उलट बोलतो. डेक कराच, पण नवीन शिडं नाहीत म्हणून सीझन बुडवू नका. जे/२४ चे क्लासमध्ये (फक्त याच बोटींच्या रेसमध्ये) सीरियस खेळणारे लोक शिडं फार लवकर बदलतात, त्यांनी एक दोन सीझन वापरून टाकलेली जिनोआ तुमच्या लुगड्यापेक्षा कैक पट बरी, आणि पावपट किमतीत मिळते. तुम्ही तर बुधवारी हँडिकॅपवर (वेगवेगळ्या बोटींना वेळेची सूट देऊन) धावणार, रेटिंग १७० च्या आसपास, तिथे कुणी शिडाचं वय विचारत नाही.

खरा वेग फुकटात मिळतो तो तळाला. लांब पाटीवर ८० नंबरचा पेपर लावून तिरकं घासा, हात फिरवलात की जाणवेल तो खड्डा, पुट्टी, परत घासा. धूळ उडवत घासू नका, जुन्या रंगात तांबं असतं, व्हॅक्यूमवालं सँडर आणि चांगला मास्क पाहिजेच. बोट ट्रेलरवरच राहणार असेल तर अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले न धरणारा रंग) लावूच नका, गुळगुळीत इपॉक्सी प्रायमर ठेवा आणि रेसच्या दिवशी क्रेनने पाण्यात. फक्त कील आणि सुकाणूची जाडी मनाने कमी करू नका, क्लासचे टेंप्लेट असतात, उद्या मोजणी करायची वेळ आली तर रडाल.

त्या चिरीचं म्हणाल तर बोट क्रेनला लटकलेली असताना बघा. कीलच्या वजनाने चीर उघडत असेल तर कीलचे नट टॉर्क रेंचने आवळून परत बघा. तरीही उघडली तर कील उतरवून नव्याने बसवणं आलं. नुसती पुट्टी लपेटून सोडून देणारे महाभाग मी बघितलेत, त्यातल्याच एकाने ती बोट मला विकली.

अजून दोन गोष्टी. जुने हॅलियार्ड (शिडं वर चढवायच्या दोऱ्या) तारेचे असतात, ते काढून डायनीमाची दोरी घालाल, पण काठीच्या टोकाची पुली तारेने कापून धारदार झालेली असते, ती न बदलता नवी दोरी ओवलीत तर महिन्यात दोरीची दाढी होते. आणि कॉकपिटच्या लॉकरचं झाकण, त्याला भक्कम खिट्टी लावा. जोराच्या वाऱ्यात बोट आडवी झाली आणि झाकण उघडलं म्हणून या क्लासच्या जुन्या बोटी बुडाल्यात.

विंचवाली_काकू

विंच (दोऱ्या ताणायचं हँडलवालं यंत्र) उघडताना भोवती पुठ्ठ्याचं खोकं कापून बसवा, आतली नखाएवढी स्प्रिंग टुण्णकन उडते आणि थेट पाण्यात. रॉकेलने धुवा, गिअरला ग्रीस, पण त्या छोट्या पॉलना (उलटं फिरू न देणाऱ्या खिट्ट्यांना) नुसतं तेल, ग्रीस लावलंत तर चिकटतात आणि ऐन टॅकला (बोट वळवताना) हँडल उलटं फिरून मनगटावर बसतं. अनुभव आहे, प्लास्टर तीन आठवडे.

चेसापीककर

सात आठवड्यांनी येतोय, माफी. डेक आतून झालं, ताईंनी सांगितलं तसंच, टोपी आता उभी राहते इतकी कडक झालीय. कुजण्याचं मूळ सापडलं, आधीच्या मालकाने स्टँचनच्या (कठड्याच्या खांबांच्या) बोल्टांना बाथरूमचं सिलिकॉन फासलं होतं, बोटाने सोललं तर पट्टीसारखं निघालं. खड्ड्यातून दीड बादली काला निघाला, वासाबद्दल ताई काही खोटं बोलल्या नव्हत्या. चीर क्रेनवर उघडली नाही, नट पाऊण फेरा आवळले गेले, सांधा साफ करून भरला, यंदा लक्ष ठेवतो. जिनोआ दोन सीझन वापरलेली मिळाली ६०० ला. एकूण खर्च १९४०, बायकोला १५०० सांगितलाय.

राहिला एकच प्रश्न. क्लासमध्ये क्रूचं एकूण वजन ४०० किलोच्या आत लागतं आणि आम्ही पाच जण काल गॅरेजमध्ये काट्यावर उभे राहिलो तर ४१७. बुधवारी चालून जाईल, पण सप्टेंबरात क्लासची रेगाटा खेळायची हौस आहे. फोरडेकला ६० किलोच्या आतला कुणी मराठी माणूस किंवा बाई ॲनापोलिसजवळ राहत असेल तर निरोप टाका. रेसनंतर कांदेपोहे बोटीवरच.