सल्ला हवा: थंड भागात बदली झाली, गाडीचं आधी काय करावं?

चाफा:
नमस्कार मंडळी, बदलीमुळे आम्ही पहिल्यांदाच अशा ठिकाणी आलोय जिथे पहाटे पारा उणे १५ च्याही खाली जातो. आजवर थंडी म्हणजे स्वेटर काढायचा की नको एवढाच प्रश्न असायचा. गाडी नऊ वर्षं जुनी, पेट्रोल, रात्री उघड्यावरच असते. काल सेल्फ मारला तर दोनदा नुसती कण्हली, तिसऱ्यांदा कशीबशी सुरू झाली. घर लावण्यात पैसे संपलेत, सध्या एकच मोठा खर्च झेपेल, बाकी किरकोळ. टायर आधी की बॅटरी? "नवी गाडी घे" कृपया सांगू नका.

डांबरी_वाघ:
टायर भाऊ, टायर! चारही हिवाळी घे. ७ अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होतं, कोरड्या रस्त्यावरही पकड कमी होते. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघून घे, नुसतं 'एम+एस' (मड अँड स्नो, चिखल-बर्फ) असेल तर नको, त्याला बर्फावरची चाचणी द्यावी लागत नाही. मी तर वेगळ्या रिमवरच चढवून ठेवलेत, पाऊण तासात घरच्या घरी बदलतो. बॅटरी पण घेऊन टाक सोबत.

चाफा:
एकच खर्च म्हटलं होतं :) आणि भाऊ नाही, ताई.

हळूबाई:
टायरला +१. मी पैसे वाचवायला पुढचे दोनच घातले होते. उताराच्या वळणावर पुढचं वळलं, मागचं सरळ गेलं, आणि ज्या रस्त्याने आले तोच समोर बघत बसले. नशीब मागून कोणी नव्हतं.

डिझेलराव:
फिल्टर बघा आधी. माझं डिझेल पहिल्याच थंडीत टाकीत थिजलं, मेण होऊन फिल्टर चोंदला, भर चौकात बंद. हिवाळी डिझेलच भरा, आणि त्यात औषध टाकायचं तर थिजायच्या आधी, नंतर काही उपयोग नाही.

रात्रपाळी:
ताईंची गाडी पेट्रोल आहे हो.

डिझेलराव:
इतरांना उपयोगी पडेल म्हणून लिहिलं. धागा सगळ्यांचा असतो.

जुना_फिटर:
टायर-बॅटरीचं भांडण नंतर करा, आधी कूलंट बघा, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी. गरम भागात रेडिएटरमध्ये उन्हाळाभर नुसतं पाणी ओतत राहतात, शेवटी रंगसुद्धा उरत नाही. ते आत गोठलं की फुगतं आणि रेडिएटर नाहीतर थेट इंजिनच्या ब्लॉकला चीर. निम्मं पाणी निम्मं ग्लायकोल असेल तर उणे ३७ च्या आसपासपर्यंत निभतं. शहाणपणा करून शुद्धच ओतू नका, ते उणे १३ लाच गोठतं. तपासायला रबरी फुग्याची छोटी पिचकारी मिळते, आत गोळ्या तरंगतात, किती तरंगल्या त्यावरून कळतं. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढा.

आळशी_कावळा:
मी रोज पंधरा मिनिटं गाडी चालू करून ठेवतो आणि वर येऊन आवरतो. आजवर काही झालं नाही.

रात्रपाळी:
पेट्रोल फुकट जातं नुसतं. इंजेक्शनवाल्या गाडीला अर्धा मिनिट पुरे, मग हळू चालवत न्यायची. आणि सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं असेल तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो, त्याला वास येत नाही आणि माणूस जातो. चेष्टा नाही.

आळशी_कावळा:
तुमची गाडी तुमच्याकडे, माझी माझ्याकडे.

विजेचा_झोत:
माझी विजेवरची आहे, चार्जरला लावलेली असतानाच आतून गरम करून घेतो. सेल्फ नाही, कूलंटची कटकट नाही.

डांबरी_वाघ:
(कूलंट तिच्यातही असतं.) थंडीत रेंज किती पडते तेवढं सांगा ना.

विजेचा_झोत:
मला पुरते.

मोगरी:
अवांतर: काचेवर गरम पाणी ओतू नका. मी किटलीभर ओतलं, टक् असा आवाज आला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ. हँडब्रेकही रात्री ओढून ठेवू नका, ओला असला की चिकटतो. सपाटीवर गियरमध्ये ठेवायची. टायरची हवा पण बघा, साडेपाच अंश उतरले की साधारण १ पीएसआय जाते.

जुना_फिटर:
कूलंट बघितलं का?

चाफा:
बघितलं काका. एकही गोळी तरंगली नाही, पाणीच होतं! आजच बदलून घेतलं, ते किरकोळात बसलं. बॅटरीही तपासली, पार मेलेली. उणे १८ ला किती करंट देते तो आकडा जुनीपेक्षा जास्त असलेली नवी टाकली. मोठा खर्च संपला. टायर पुढच्या वर्षी. ऑफिस चालत वीस मिनिटं आहे, बर्फ पडला की गाडी हलवणारच नाही.

डांबरी_वाघ:
मग विचारलंत कशाला ताई?

हळूबाई:
उतार तरी नाही ना घराजवळ?

चाफा:
आहे. छोटासा.

नवा_पाहुणा:
धागा पूर्ण वाचला नाही, पण आधी टायर बदला.