कुदळ दांड्यातनं निसटतीय आणि काळी माती फुटंना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, फुलेवाडीत घरामागं जेमतेम अर्धा गुंठा जागा हाय, तिथं मेथी-वांगी लावावी म्हणून गेल्या वर्षी ट्रॉलीभर काळी माती टाकून घेतली. गावाकडनं आजोबांची जुनी कुदळ आणली, बाभळीचा नवा दांडा आणून मीच बसवला, रविवारी लई हौसेनं सुरुवात केली तर दहाव्या घावाला कुदळ निसटून थेट धुण्याच्या दगडापाशी! नशीब कोण उभं नव्हतं. पाण्यात भिजवली की घट्ट बसते, लाकूड वाळलं की परत खुळखुळा.

दुसरं दुखणं मातीचं. पावसानंतर मऊ झाली असंल म्हणून लगेच खणली, तर खोऱ्याला चिखल असा चिकटला की खोरं उचलंना, आणि चार दिवस ऊन लागल्यावर त्याचीच विटेसारखी ढेकळं झाली. आता कुदळ मारली की हाताला झिणझिण्या. तळहाताला फोड आलेत, कंबरेचं तर विचारूच नका. पॉवर टिलर बोळातनं आत येत नाही. टिकाव घेऊ का?

— भावा, दांडा कुठल्या बाजूनं घातलास? कुदळीचं भोक एका तोंडाला रुंद, दुसऱ्याला अरुंद असतं. दांड्याचं बारीक टोक रुंद तोंडातनं घालून आरपार ओढायचं, जाड टोक भोकात आवळतं, मग घाव घालशील तशी घट्टच होते. तरी हलली तर पाचर मार. भिजवणं म्हणजे एका दिवसाची सोय.

— टिकाव मुरमाला, दगडाला. काळ्या मातीला कुदळ आणि खोरंच बरं, पण वाफसा (माती ना चिखल, ना पार कोरडी, अशी मधली ओल) बघून! मूठभर मातीचा लाडू वळा, कंबरेच्या उंचीवरनं टाका. फुटून विखुरला तर खणा, चपटा बसला तर थांबा. ओली खणली की ढेकळं होणारच. आहेत त्या ढेकळांवर संध्याकाळी थोडं पाणी शिंपडा, सकाळी कुदळीच्या पाठीनं फोडा, वर शेणखत टाका. आणि कुदळ जोरानं आपटू नका ओ, उचलायची आपण, पडायचं काम तिच्या वजनानं.

धन्यवाद दोघांना. दांडा उलटाच घातलेला, आई अजून हसतीय. काल परत सर आली, लाडू पार भाकरीसारखा बसला, म्हणजे आता थांबणं आलं. एकच राहिलं, माझी उंची सहा फूट हाय, आजोबांच्या मापाचा दांडा मला आखूड पडतोय का? कंबर त्यानंच धरली असंल काय?